चोरायला कोणी उरलं नाही

मी चोरीचा माल बोलतोय. त्याची लाज वाटत नाही. उलट ज्या वर्षांत मला कोणी चोरलं नाही, त्या वर्षांची लाज वाटते.

तसा मी लाकडी अस्वल. गुडघ्याएवढा, पाइनच्या एका बुंध्यातून कोरलेला. अमेरिकेतल्या लेक सुपीरिअर सरोवराच्या काठी आमचं पोर्ट हॅलोरन गाव. गावची काही मुलं लांबच्या विद्यापीठातून शिकून परत आली. कोणी खाणीत इंजिनियर झाला, कोणी मास्तर, एक दातांचा डॉक्टर. त्यांनी बँकेच्या माडीवर माजी विद्यार्थ्यांचा क्लब काढला आणि विद्यापीठाची खूण अस्वल, म्हणून त्या दातांच्या डॉक्टर नूरगार्डनं मला कोरलं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही अस्वलापेक्षा माझे दात सुबक आहेत. एक तर सोन्याचा आहे. तो आधी कोणाच्या तोंडात होता, हे डॉक्टरला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगणार नाही.

विद्यापीठाच्या रंगावरून आम्ही हिरवे. रस्त्यापलीकडे, न्हाव्याच्या दुकानावर, दुसऱ्या विद्यापीठाचा क्लब, ते पिवळे. दर पानगळीत दोन्ही विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना व्हायचा आणि त्या आठवड्यात पिवळ्यांनी मला पळवायचं, असा रिवाज पडला. माझ्या जागी अक्रोडाचा गोड पाव ठेवायचा. जागा रिकामी सोडणं सभ्य चोराला शोभत नाही. मग हिरव्यांनी चोरांना पोटभर जेवू घालून मला सोडवून आणायचं. वर्षातून तेवढं एक जेवण दोन्ही क्लब एका टेबलावर करत, एकमेकांना शिव्या घालत आणि सूप ओरपत.

मी शवपेटीतून गेलोय, मासळीच्या पिंपातून गेलोय. एकदा तर टोपी घालून पाद्रीबाबांच्या मांडीवर बसून पोलिसासमोरून गेलो आणि पोलिसानं मला सलाम ठोकला. खोटं वाटत असेल तर पाद्रीबाबांना विचारा. ते वारले, हा काही माझा दोष नाही.

पिवळ्यांचा पट्टीचा चोर स्टॅन झुपान. पाव भाजायची त्याची बायको मिल्का. माझा राखणदार एइनो लाम्पी. आणि आमची अध्यक्ष व्हर्ना. पदवी तिचीही होती, पण सुरुवातीला बैठकीत कॉफी तिनंच करायची, असं पुरुषांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. एकदा तिनं साखरेऐवजी मीठ घातलं. पुढच्या निवडणुकीत ती बिनविरोध आली.

मग खाण बंद पडली. मुलं शिकायला गेली ती मिनियापोलिसलाच राहिली. सामना जो तो आपापल्या घरी बघू लागला. पिवळ्यांनी खुर्च्या विकल्या आणि क्लबला कुलूप लावलं.

त्या वर्षी पानगळीत एइनोनं खिडकी उघडी ठेवली. पुढच्या वर्षी दारही. आयुष्यभर कड्या-कुलपं घालणारा हा माणूस दिवे घालवून सगळ्यांना लवकर घरी पिटाळायचा. पण कोणी आलं नाही. खिडकीतून थंडी तेवढी आली, आणि माझ्या पाठीला तडा गेला.

अखेर व्हर्नानं बैठक घेतली. खुर्च्या बऱ्याच होत्या, माणसं मात्र एका बाकावर मावतील एवढीच. क्लब बंद करायचा आणि मला विद्यापीठाच्या काचेच्या कपाटात पाठवायचं, असं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. एइनोचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. काचेच्या कपाटाला कुलूप असतं. तिथून कोणी कोणाला पळवत नाही, आणि कोणी कोणाला जेवायला बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी एइनोनं मला गाडीत घातलं आणि स्टॅनच्या स्वयंपाकघरात नेऊन टेबलावर ठेवलं. मिल्का गेल्यापासून स्टॅन घराबाहेर पडला नव्हता.

"हे काय?"

"चोर याला."

"तूच तर आणलंस."

"तुझे गुडघे गेलेत म्हणून."

"माझे गुडघे काढू नकोस, हिरव्या. घरपोच मिळाली की ती चोरी राहत नाही, भीक होते. आणि जागेवर ठेवू काय? मिल्का गेली, पाव गेला. ने तुझं लाकूड."

एइनोनं मला पुन्हा गाडीत घातलं आणि क्लबवर परत नेलं.

मला विद्यापीठात न्यायचा दिवस उजाडला. व्हर्नाच्या घराच्या ओट्यावर मी खोक्यात बसून होतो. झाकणाला खिळे मारायचे राहिले होते, ट्रक यायचा होता. आत खिडकीशी व्हर्ना आणि एइनो कॉफी घेत होते. तेवढ्यात रस्त्यानं चाकांचा वॉकर ढकलत स्टॅन आला. भर उन्हात. समोरचा पानं गोळा करणारा शेजारी त्याला पाहून चटकन पाठ फिरवून उभा राहिला.

"अरे, तो पायरी चढतोय. पडेल. मी जाते," आतून व्हर्ना म्हणाली.

"बस खाली. चोराला हात देतात का?"

"त्याचा पाय बघ ना."

"आपण काही बघत नाही आहोत, व्हर्ना." पण एइनोनं आपली खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली.

स्टॅननं मला उचललं. छातीशी धरून बराच वेळ धापा टाकत राहिला. मग वॉकरच्या बैठकीवर ठेवून वर आपला कोट टाकला आणि खोक्यात पाव ठेवला. दुकानातला, प्लॅस्टिकमधला. किमतीची चिठ्ठी नखानं खरवडलेली, अर्धीच निघालेली.

तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत आत कोणी हललं नाही. मग ट्रकवाला आला.

"माल चोरीला गेला," व्हर्ना म्हणाली.

"पोलिसांना कळवलं?"

"चोर ओळखीचा आहे."

एइनोनं पावाचा तुकडा उभ्याउभ्याच तोंडात टाकला. "भिकार आहे," म्हणाला, आणि दुसरा कापून घेतला.

तेव्हापासून मी स्टॅनच्या फ्रिजवर असतो. क्लब नाही, मग चोराला जेवू कोण घालणार? तर दर गुरुवारी एइनो सुपाचं पातेलं घेऊन यायचा. "घे, हप्ता." स्टॅन चाखून म्हणायचा, "मीठ कमी. अस्वल सुटलं नाही." मग दोघं मिल्काच्या पावाची आठवण काढत पातेलं रिकामं करायचे.

गेल्या गुरुवारी एइनो आला नाही. छातीत कफ साठलाय, इस्पितळात ठेवलंय, असं व्हर्नानं फोनवर सांगितलं. स्टॅननं दोन वाट्या मांडल्या होत्या, त्या अजून तशाच आहेत. मागच्या दाराची कडी त्यानं काढून ठेवली आहे. घरात थंडी येते, तरी लावत नाही.

कधी आमच्या गावी आलात तर या मागच्या दारानं. मला उचला, कोटाखाली झाका आणि एइनोच्या खाटेशी नेऊन ठेवा. स्टॅन बघेल, पण बघितल्याचं दाखवणार नाही. फक्त येताना पाव आणा. दुकानातलाही चालेल. माझी जागा रिकामी सोडू नका.