काठोकाठ प्याला

आमच्या अल्माटीच्या ऑफिसात एका कॉम्प्युटरवर दोघी बसतो. एकीनं प्रोग्राम लिहायचा, दुसरीनं शेजारी बसून चुका धरायच्या. संध्याकाळपर्यंत डोकं पिकतं, नाक शिंकरायचीही चोरी. तरी मला हे काम मनापासून आवडतं. आमचा साहेब येर्बोल. त्याला मात्र एवढंच दिसतं, की काम एक आणि पगार दोन.

त्यात माझ्या जोडीला आली तोगजान. पोर हुशार, पण मिठाची गुळणी धरून बसायची. मी तिच्या आईच्या वयाची, मग माझी चूक काढणार कशी? चहा मात्र सुरेख ओतायची. प्याला अर्धाच भरायची, म्हणजे बसा, अजून घ्या. आमच्याकडे प्याला काठोकाठ भरला की पाहुण्यानं उठायचं असतं.

"आपाय, ही तोंडच उघडत नाही," येर्बोल मला म्हणाला. आमच्यात थोरल्या बाईला आपाय म्हणतात, थोरल्या पुरुषाला अगा. "शुक्रवारी हिला घरचा रस्ता दाखवतो."

मला ती हवी होती. गुरुवारी मी किटलीच माझ्याकडे ओढली.

"आज मी ओतणार. ओतणारी धाकटी, तू थोरली. बोल आता!"

"आपाय, लाज वाटते हो!"

"वाटू दे. चहा घे."

आम्ही रुग्णवाहिकांचा प्रोग्राम लिहीत होतो. गाडीकडून येणारा सिग्नल थांबला की तिचं काम संपलं असं धरायचं, असं मी लिहिलं. तोगजाननं प्याला खाली ठेवला.

"आमच्या केगेनच्या घाटात सिग्नल नसतोच. गाडी वाटेत, रुग्ण वाट बघतोय, आणि तुम्ही त्याला यादीतून काढलात! असं कसं लिहिता?"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. मी एकटी असते तर ते तसंच पुढे गेलं असतं. मला इतका आनंद झाला की चहा टेबलावर सांडला.

शुक्रवारी येर्बोल आमच्याशेजारी खुर्ची ओढून बसला.

"एकदा ओरडली म्हणून काय झालं? दोन पगार परवडत नाहीत. सोमवारपासून आपाय, तुम्ही एकट्याच..."

तोगजाननं किटली उचलली. त्याचा प्याला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं, पुढे केला.

"घ्या, अगा."

येर्बोलनं प्याल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कान लाल झाले त्याचे. मग तो हसत सुटला, चहा संपवून उठला आणि दारातून म्हणाला, "सोमवारी दोघी वेळेवर या."

तोगजाननं माझा प्याला भरला. अर्धाच.