सात स्टिकरवाल्या मायक्रोस्कोपची कैफियत

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. मित्रांनो, किती जुना ते माझ्या अंगावरचे स्टिकर मोजून सांगता येईल. सात आहेत. मी त्या त्या संस्थेची भेट आहे, असं प्रत्येकावर छापलेलं आहे. एकच वस्तू सात जणांनी भेट द्यावी, हा चमत्कार जागतिक आरोग्याच्या क्षेत्रातच घडू शकतो. खरं तर भेट पहिल्याची. बाकी सहा जणांनी स्टिकर दिले.

आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, अशी रीत आहे. छत्र्या, पाट्या, मोडक्या खुर्च्या, सगळ्या बिचाऱ्या शेवटी सर्वांना माफ करून टाकतात. मी करणार नाही. माझा जन्म बारीक बघण्यात गेला, आणि बारीक बघणाऱ्याला माफ करणं जड जातं.

एका स्वच्छ कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईंनी माझी भिंगं एकेक करून बसवली. त्यांनी एकदाही फुंकर मारली नाही. फुंकर मारली की थुंकी उडते, हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या आयुष्यात भेटलेल्या बहुतेक पाहुण्यांना ते ठाऊक नव्हतं. मग लाकडी खोक्यातून मी एका सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत आलो. खोलीत एक टेबल, एक गळका नळ, काचपट्ट्या वाळवायची जाळी. बाहेर लांब व्हरांडा आणि भिंतीला टेकलेलं लांबलचक बाक. त्या बाकावर सकाळपासून तापाने फणफणलेली माणसं बसत. त्यांच्या बोटातला रक्ताचा थेंब काचपट्टीवर येई, काचपट्टी माझ्याखाली येई, आणि हिवताप आहे की नाही ते मी सांगे.

पण त्याआधी माझं उद्घाटन झालं. प्रमुख पाहुणे माझ्यावर वाकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "अद्भुत." मित्रांनो, माझा बल्ब बंद होता. काचपट्टीही नव्हती. त्या काळोखात त्यांना काय अद्भुत दिसलं, ते त्यांनाच माहीत. तो फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला गेला.

पहिल्या स्टिकरच्या काळातच ताई नोकरीला लागली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, पण रुग्णालयाच्या प्रमुख साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिच्याबरोबर मामा होते. काचपट्ट्या धुणं, रंगवणं, वाळवणं हे त्यांचं काम. ते कोणाचेच सख्खे मामा नव्हते. ताई माझ्यावर रोज पन्नास-साठ काचपट्ट्या बघायची. तिचा डोळा असा तयार झाला की मी थोडा धूसर असलो तरी तिला दिसायचं. जंतू स्पष्ट दिसावेत म्हणून भिंगाखाली तेलाचा थेंब लागतो. काम संपलं की ती भिंगावरचं ते तेल मऊ फडक्याने पुसायची आणि मगच जेवायला जायची.

मग प्रोग्राम येऊ लागले. दर दोन-तीन वर्षांनी एक. प्रत्येकाचं उद्दिष्ट स्थानिक संशोधक घडवणं, आणि प्रत्येकाच्या पहिल्या दिवसाचा विषय ठरलेला: मायक्रोस्कोप कसा हाताळावा. ताईला हे नऊ वेळा शिकवण्यात आलं. नवव्या वेळी शिकवणारा मुलगा माझं तेलाचं भिंग उलटं फिरवत होता, तेव्हा तिने नुसतं त्याच्या मनगटाला धरून सरळ केलं आणि वहीत लिहिलं, "तेलाचं भिंग कसं फिरवावं हे समजलं."

माझा बल्ब गेला तेव्हा मात्र तीन प्रोग्राम मिळून एक बल्ब देऊ शकले नाहीत. मी बंद झालेल्या प्रकल्पाची मालमत्ता होतो, आणि चालू प्रकल्पाने बंद प्रकल्पाला प्रकाश द्यायचा नसतो. शेवटी मामांनी साहेबांच्या टेबलावरच्या दिव्याचा बल्ब काढून आणला. साहेबांच्या ते चार महिने लक्षात आलं नाही.

आता ताईच्या प्रश्नाकडे येतो. नदीपलीकडच्या वस्तीतली मुलं औषध घेऊन तिसऱ्या दिवशी परत येत आणि त्यांच्या रक्तात जंतू तसेच. ताईने अशा काचपट्ट्या जपायला सुरुवात केली. सहा वर्षांत आठशे बारा झाल्या. औषध हरतंय, असं तिला वाटत होतं. पण काचपट्टीवाल्या बाईला वाटतं म्हणून कोणी औषध बदलत नाही. त्यासाठी जंतूच्या पोटात शिरून बघणारी यंत्रं लागतात, आणि ती परदेशात होती. तिथे जायला फेलोशिप होती. नऊ महिने, प्रत्येक खेपेला इथला एकच माणूस.

निवड कशी व्हायची ते नीट ऐका. प्रशिक्षणाआधी प्री-टेस्ट, नंतर पोस्ट-टेस्ट. ज्याची सुधारणा सर्वांत जास्त, त्याला फेलोशिप. मागच्या खेपेला ताईला पन्नासपैकी आधी एकोणपन्नास, नंतर पन्नास. एक मार्क गेला होता तो प्रश्नपत्रिकेतलं चित्र उलटं छापलंय असं तिने समासात लिहिलं म्हणून. सुधारणा, दोन टक्के. साहेबांच्या भाच्याला आधी चार, नंतर छत्तीस. सुधारणा, नऊ पट. भाचा गेला आणि तिकडेच रमला. हल्ली तो स्थानिक क्षमता कशी वाढवावी यावर भाषणं देतो.

या खेपेला साहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. दार लोटून घेतलं.

"ताई, फेलोशिप या वेळी तुम्हालाच मिळावी, असं माझं मन म्हणतं."

"मागच्या वेळी मन काय म्हणत होतं, साहेब?"

साहेबांना ते ऐकू आलं नाही. "प्री-टेस्टला जरा कमी मार्क घ्या. वीसच्या आत. तुमचं काय होतं, तुम्ही एकदम एकोणपन्नास घेता. मग सुधारणार कुठे? त्यांनाही वर काहीतरी दाखवावं लागतं."

"म्हणजे मला काही येत नाही, असं दाखवू?"

"दाखवू कशाला? दोन तास येऊ देऊ नका, एवढंच."

साहेब गेल्यावर नळापाशी उभे असलेले मामा म्हणाले, "ताई, चुकायचं ते माझ्याकडून शिकून घ्या. शाळेत मला कधी अडचण आली नाही."

ताई हसली नाही. तिने कपाटातली काचपट्ट्यांची खोकी एकदा मोजली.

परीक्षा व्हरांड्यापलीकडच्या सभागृहात होती. मला उचलून तिथे नेलं. बारा जण लिहीत होते आणि परीक्षा घ्यायला पाहुण्या मॅडम आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. पण त्यांचा रुग्णाशी शेवटचा संबंध कधी आला होता, ते त्यांनाही आठवलं नसतं. नियम त्यांनी आधीच वाचून दाखवला: वेळ संपण्यापूर्वी जो बाहेर जाईल, त्याचा पेपर रद्द आणि मार्क शून्य.

मी समोरच्या टेबलावरून ताईकडे बघत होतो. मित्रांनो, येत असलेलं चुकवणं किती कष्टाचं असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. बरोबर उत्तराशी तिचं पेन जाई, थांबे, आणि शेजारच्या चौकोनात खूण करून परत येई. बावीस वर्षांत ती एवढी कधी दमली नव्हती.

शेवटचा प्रश्न माझ्याखालच्या काचपट्टीचा होता. प्रोग्रामच्या तयार नमुन्यांच्या काचपट्ट्या एका सहीवाचून बंदरात अडकल्या होत्या, म्हणून मॅडमनी मामांच्या जाळीवरून सकाळची एक उचलली होती. ताई आली, वाकली. पांढऱ्या कापडावर दाणे सांडावेत तसे जंतू होते. तिने कोपऱ्यातला आकडा वाचला. नदीपलीकडच्या वस्तीतला पाच वर्षांचा मुलगा, औषधाचा तिसरा दिवस. सकाळी तिनेच त्याच्या बोटाला सुई टोचली होती.

चुकायचं तर तिला खूण करायची होती "जंतू आढळले नाहीत" या चौकोनात. तिने पेन खाली ठेवलं आणि ती दाराकडे निघाली.

"अजून चाळीस मिनिटं आहेत," मॅडम म्हणाल्या. "पेपर रद्द होईल."

"होऊ दे. याचं उत्तर बाहेर बाकावर बसलंय."

मुलगा आईच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून पडला होता. ताईने त्याला तसाच उचलून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. त्याला शिरेतून दुसरं औषध सुरू झालं आणि सहाव्या दिवशी तो आपल्या पायांनी घरी गेला.

ताईला मार्क पडले शून्य. तिने खोकी कपाटात मागे सरकवून ठेवली.

पण चार दिवसांनी पोस्ट-टेस्ट झाली आणि तिला पन्नास मिळाले. नंतरच्या मार्कांना आधीच्या मार्कांनी भागून सुधारणा काढायची, असं त्या प्रोग्रामचं गणित. पन्नास भागिले शून्य म्हटल्यावर संगणकाने हात टेकले. आकडे भरणाऱ्या मुलीने खूप विचार करून रकान्यात हाताने लिहिलं: अमर्याद.

प्रोग्रामच्या इतिहासात एवढी प्रगती कोणी केली नव्हती. ताईची निवड झाली. गुळगुळीत पुस्तिकेत तिचा माझ्यासकट पानभर फोटो आला आणि खाली तिच्या तोंडी वाक्य: "आधी मला काहीच येत नव्हतं."

"मी असं म्हटलेलं नाही," ताई म्हणाली.

"पण ते आकड्यांशी जुळतं," मॅडम म्हणाल्या.

ताईने आठशे बारा काचपट्ट्यांकडे पाहिलं आणि सही केली. तिने फक्त एकच गोष्ट विचारली. नऊ महिने इथे काचपट्ट्या कोण बघणार?

मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या, "आमचा प्रोग्राम माणसं घडवतो. बदली माणसं देत नाही."

जायला तीन आठवडे होते. ताईने मामांना माझ्यासमोर बसवलं. रोज जेवणाच्या सुट्टीत.

"ताई, हा काळा, लांबडा जंतू कुठला हो?"

"तुमची पापणी, मामा. जरा मागे व्हा."

प्री-टेस्ट नव्हती, चहा-बिस्किटं नव्हती, पाठीमागे फलक नव्हता. तीन आठवड्यांनी ताईने शंभर जुन्या काचपट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. सत्त्याण्णव बरोबर आल्या. तिने भिंग पुसायचं मऊ फडकं तेवढं त्यांच्या हातात दिलं.

पुढचे पाच महिने मामांनी मला चालवलं. साहेब रजिस्टरवर सह्या करत राहिले, कारण सहीखालचं वाचायची त्यांना सवयच नव्हती. मग दोन माणसांची मूल्यमापन समिती आली. त्यातल्या मोठ्या गृहस्थांनी मामांना माझ्यावर वाकलेलं पाहिलं.

"तुमचं प्रशिक्षण कुठल्या प्रोग्रामात झालं?"

"जेवणाच्या सुट्टीत," मामा म्हणाले.

"प्रमाणपत्र?"

"बाकावर विचारा."

गृहस्थांनी बाकावर विचारलं नाही. त्यांनी नियम सांगितला: पुढचं प्रशिक्षण चार महिन्यांनी होतं, मामांना तिथे अर्ज करता येणार होता. तोवर मशीनला हात लावायचा नाही. काचपट्ट्या मोठ्या शहरात पाठवायच्या, सहा दिवसांत उत्तर येतं.

"सहा दिवसांत पोर बरं तरी होतं, नाहीतर..." मामा थांबले. साहेब जमिनीकडे बघत होते.

गृहस्थांनी माझ्यावर प्लॅस्टिकचं झाकण घातलं आणि ते निघू नये म्हणून आडवा एक स्टिकर लावला. त्यावर त्यांच्या संस्थेचं नाव होतं, आणि खाली, "केवळ प्रशिक्षितांसाठी". हा माझा आठवा. बावीस वर्षांत मला काही दिसू नये म्हणून लावलेला पहिलाच.

मामा खिडकीशी उभे राहिले. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, आवाज विरला. बाहेर बाकावर एक बाई मुलीला पदराखाली घेऊन बसली होती आणि मुलीचे दात वाजत होते. मामांनी नखाने स्टिकर उकलला, गळक्या नळाला गुंडाळला आणि झाकण काढलं. नळाचं गळणं निम्म्यावर आलं. स्टिकरांपैकी कामाला आलेला तेवढाच.

थोड्या वेळाने ते त्या मुलीच्या काचपट्टीचा निकाल घेऊन डॉक्टरांकडे गेले.

"मामा, समितीने बंद केलं होतं ना?"

"बल्ब चालू राहिला होता. म्हटलं जळतोच आहे तर बघून घ्यावं."

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं.

रविवारी ताईचा फोन आला. मामांनी तो माझ्याशेजारी टेबलावर ठेवून मोठ्याने लावला. "मामा, औषध खरंच हरतंय. मी इथे आणलेल्या नदीपलीकडच्या काचपट्ट्यांत स्पष्ट निघालं. शोधनिबंध छापून येईल, मग बदलावंच लागेल त्यांना."

"तुमचं नाव असेल ना त्यावर?"

"आहे. अकरावं."

"किती जणांत?"

"अकरा." तिने लगेच विचारलं, "भिंगावरचं तेल पुसता ना रोज?"

"तुम्ही दिलेलं फडकं मग कशाला आहे?" मामा म्हणाले. "आता ठेवा. पैसे जातील तुमचे."

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काळजीबद्दल दोन शब्द सांगायचे असतात. तर सांगतो. भिंगावर फुंकर मारू नका. काम झालं की तेल पुसा. झाकण घाला, पण ते कोण घालायला सांगतंय, तेही बघा. आणि कधी तुम्ही मोठे झालात, पाहुणे झालात, आणि फोटोसाठी माझ्यावर वाकलात, तर आधी बल्ब लावा. मग व्हरांड्यातल्या बाकाकडे एकदा बघा. तिथे बसलेल्यांकडे सहा दिवस नसतात.