बंडीच्या खिशातली गोठ

मी खाट बोलतेय. म्हसावदची, बाभळीच्या लाकडाची, अंबाडीच्या दोरीनं विणलेली. माणसं माझ्यावर बसून गावभरच्या उठाठेवी करतात, पण खाटेलाही कान असतात हे कुणाच्या ध्यानी येत नाही.

माझा मालक भाईदास धाबं करणारा गडी होता. आमच्याकडे घरांना मातीची सपाट छतं असतात, त्यांना धाबं म्हणतात. पावसाआधी त्यावर खारी माती टाकून ती चोपावी लागते, आणि त्या कामात भाईदासचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. एकोणीसशे एकतीसच्या वैशाखात तो धाब्यावरनंच पडला. कंबरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून तो माझ्यावर पडून असायचा.

कुठल्या जन्मीचं पाप फेडतोय कोण जाणे, असं बायका पाणी भरताना म्हणत. त्याची बायको रुखमाबाई ते ऐकून रडायची. भाईदासला मात्र ते पटलं, हेच वाईट. तो जेवण टाकू लागला. दोरीला वजन कळतं; रोज तो थोडा हलका होत होता.

दोधू त्याचा बालमित्र. रोज संध्याकाळी येऊन माझ्या पायथ्याशी बसायचा. भाईदास पडण्याच्या दोन वर्षं आधी तो नंदुरबारकडे मिशनच्या दवाखान्यात राहून आला, तो ख्रिस्ती होऊनच. त्याच्या बंडीच्या खिशात शुभवर्तमानाचं, म्हणजे येशूच्या चरित्राचं, लहानसं पुस्तक असे. हात खिशाकडे जायचा आणि माघारी यायचा. कापसाचा भाव, बैलाचं दुखणं, सगळं बोलायचा, फक्त त्या पुस्तकाचं नाही. मला राग यायचा. अरे, मित्र डोळ्यांदेखत विझतोय आणि तू मिठाची गुळणी धरून बसतोस?

वाळीत पडण्याची भीती त्याला होती, खोटं कशाला बोलू. पण खरी अडचण वेगळीच होती. पाद्री पुस्तकी मराठीत बोलत. दोधूला वाटायचं, देवाची गोष्ट तशाच भाषेत सांगायची असते. आपल्या अहिराणीत सांगितली तर ती विटाळेल.

चौथ्या महिन्यात भाईदासनंच विचारलं, खिशात काय आहे. दोधूनं पुस्तक काढलं आणि अडखळत वाचू लागला. पक्षाघाती, छप्पर, क्षमा. भाईदासनं डोळे मिटून घेतले.

"आपली बोलीम्हा सांग," तो म्हणाला.

"देवनी गोठ शे. आपली बोलीम्हा कशी सांगू?"

"का? देवले अहिराणी समजत नही का?"

 दोधूनं पुस्तक मिटलं आणि सांगू लागला. अंग लुळं पडलेला एक माणूस, त्याची खाट उचलणारे चौघे, येशूच्या दाराशी गर्दी, आत शिरायला वाट नाही.

"मंग त्यास्नी धाबं उकरं," दोधू म्हणाला.

भाईदासनं डोळे उघडले. धाबं? मातीचं? किती हात उकरलं, खाट दोरांनी सोडली का, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडली असेल की, असं तो एकामागून एक विचारत सुटला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसला. आणि मी? मी तर थक्क झाले. माझ्यासारखीच एक खाट देवाच्या पुढ्यात उतरली होती!

मग येशू काय म्हणाला, ते भाईदासनं हळूच विचारलं.

"ऊठ, अस पहिले नही म्हना. पहिले म्हना, पोरा, तुन्हं पाप माफ शे."

भाईदास वर धाब्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतलं ऊन पाणी माझ्या दोरीत झिरपलं.

"इतली मोठी गोठ तू चार महिना खिसाम्हा ठेयी, भाऊ?" तो म्हणाला. रागानं नाही, नवलानं.

 दोधू ढसाढसा रडला, आणि दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन त्यानं तीच गोष्ट अहिराणीत सांगितली. काही उठून गेले. विहिरीवर त्याला मज्जाव झाला. त्याचं तोंड मात्र पुन्हा बंद झालं नाही.

भाईदास उठला नाही. गोष्टीतला माणूस शेवटी बरा होऊन आपली खाट खांद्यावर टाकून चालत गेला, तसा मला घेऊन तो चालला नाही. त्या खाटेचा मला अजून हेवा वाटतो. पण तो जेवू लागला, अकरा वर्षं जगला, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला निजल्यानिजल्या ती गोष्ट सांगत राहिला.

आता माझ्या दोऱ्या सैल झाल्यात. रुखमाबाई माझ्यावर मिरच्या वाळवते. विनवणी एकच. कुणाच्या खाटेशी बसाल, आणि त्याच्या जिवाला पुरेल असं काही तुमच्या खिशात असेल, तर शब्द शुद्ध होण्याची वाट पाहू नका. भाईदास चार महिने थांबला. सगळेच थांबत नाहीत.