मागचा जिना

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ लाकडी, आणि तळाशी उलट्या अक्षरांत एक नाव व नोंदणी क्रमांक. मित्रांनो, इमारत बांधायची तर आधी नकाशा मंजूर व्हावा लागतो, आणि त्यावर वास्तुविशारदाची सही व माझा ठसा लागतो. ठशाचा अर्थ एवढाच, की हे मी स्वतः पाहिले आहे, इथे माणसे सुखरूप राहतील.

चंदीगडच्या बावीस सेक्टरमधल्या एका दुकानात मी घडलो. विनयाताई मला न्यायला आल्या, तेव्हा दुकानदार म्हणाला, "लो जी, अब आप पक्की आर्किटेक्ट हो गईं." त्या साताऱ्याच्या. त्यांचे यजमान इथल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर होते.

त्यांची एक सवय होती. ठसा उमटवण्याआधी पेन्सिलीचे टोक नकाशातल्या अगदी आतल्या खोलीत ठेवायच्या, आणि दार, बोळ, जिना करत रस्त्यापर्यंत न्यायच्या. त्यांचे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन गुरमेलसिंग हसायचे.

"मॅडमजी, सैर हो गई?"

"हो गई. आता शिक्का द्या."

त्या टेबलावर ऊन यायचे आणि शाईचा वास दरवळायचा. फार चांगली वर्षे होती ती.

मग चौऱ्याऐंशीचा जून आला. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात लष्कर शिरले, आणि आमच्या शहरातही संचारबंदी लागली. शेजारच्या पंचकुल्यात मुलींचे एक तीन मजली वसतिगृह व्हायचे होते. त्याला पुढे एक आणि मागे एक असे दोन जिने ठरले होते. नकाशा देण्याची तारीख जवळ आली होती. संचारबंदी दोन तास उठली, तेव्हा गुरमेलसिंग मोहालीहून सायकलवर आले. विनयाताईंनी सहा कोऱ्या कागदांच्या कोपऱ्यात सही केली आणि मला दाबले.

"कोरे कागज पे, मॅडमजी?"

"तुमच्या हातावर माझा विश्वास आहे, गुरमेलजी. घरी बसून काढा."

"हाथ को छोड़ो. मालिक सिर पे आके बैठेगा, तो हाथ क्या करेगा?"

"बसला तर मला फोन करा."

वसतिगृहाचा मालक खरेच येऊन बसला. मागच्या जिन्याच्या जागी खोल्या काढा, मॅडमनी होकार दिला आहे, असे त्याने सांगितले. गुरमेलसिंगांनी फोन लावला. फोन बंद होते. त्यांनी खोल्या काढल्या. मालकाने नकाशा परस्पर नेऊन दिला, आणि ठसा पाहून तो मंजूर झाला.

विनयाताईंना हे कळले तेव्हा इमारत उभी होती. मालक म्हणाला, "मुहर तो आपकी है, मॅडम."

त्यांनी त्याच संध्याकाळी मंजुरी कार्यालयाला पत्र लिहिले, की हा नकाशा मी पाहिलेला नाही. पण कोऱ्या कागदावर ठसा दिल्याचे कबूल करणे म्हणजे परवाना जाणे. पत्र माझ्याच खणात राहिले. "उद्या टाकते," त्या म्हणायच्या. असे दीड वर्ष गेले. मी त्या पत्रावरच बसून होतो.

त्या काळी बेवारस ट्रान्झिस्टर दिसला, की लोक पळत सुटायचे. त्यांतून बॉम्ब फुटत असत. एका दुपारी वसतिगृहाच्या जिन्यात कोणीतरी तसा ट्रान्झिस्टर विसरले. खालच्या मुली बाहेर पळाल्या. वरच्या अडकल्या. मीनाक्षी नावाच्या मुलीने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी टाकली. तिचे घर मराठी, वडील अंबाल्याला हवाई दलात होते.

ट्रान्झिस्टरमध्ये काही नव्हते. पोलिसांनी सुरू केला, तर गाणी लागली.

विनयाताई रुग्णालयात गेल्या. मी त्यांच्या पर्समध्ये होतो, ते पत्रही होते. त्यांनी मराठीत विचारपूस केली, तेव्हा मीनाक्षी म्हणाली, "काकू, मी आधी मागे पळाले. वाटलं, मागे जिना असेल. तिथे खोली होती."

विनयाताई उठल्या. बाहेर येऊन त्यांनी पत्र टपालपेटीत टाकले. परवाना गेला. मालकाने मागे लोखंडी जिना बसवला. मीनाक्षी मात्र पुन्हा पायांवर उभी राहिली नाही; कुठलाच जिना उतरली नाही.

आता माझे रबर दगडासारखे झाले आहे. विनयाताई म्हाताऱ्या झाल्या. कधी खण उघडतात, मला पाहतात आणि लावून टाकतात.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती एखादा शिक्का येईल. तो दाबण्याआधी पेन्सिलीचे टोक अगदी आतल्या खोलीत ठेवा आणि रस्त्यापर्यंत चालत या. त्या खोलीत कोणीतरी राहणार असते. माझ्याकडून ते एकदाच राहून गेले.