पूर्ण चेष्टा

लवंग दाढेखाली धरायची, चावायची नाही, म्हणजे गळा मोकळा राहतो — पण निवेदिताच्या जिभेनं ती केव्हाच पुढे ढकलली होती, आता ती हिरडीला टोचत होती, थुंकावी तर समोर निवड करणारे बसलेले, गिळावी तर... तिनं गिळली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सकाळी अकराची वेळ दिली होती. विनोदी संगीत नाटक, भूमिकांची निवड. एक वाजत आला होता.

नायिकेची पाच पदं. पाचही तिनं दोन महिने घोटली होती — हरिशंकरपुरमच्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरून — आणि तिची तन्वी ओरडायची, "मम्मी, अब बस भी कर ना, डोकं दुखतंय." चव्वेचाळीसाव्या वर्षी नायिका कोण देतं? पण मंडळात दुसरं गाणारं होतंच कोण? यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि कळूनही हाव जात नव्हती.

पहिलं पद चांगलं झालं. खरंच चांगलं. मंडळाच्या चिटणीस मंदाताईंनी शेवटच्या ओळीला डोळे मिटलेले तिनं पाहिले. दिग्दर्शक गुरुप्रसाद, वर्षापूर्वी पुण्याहून बदलून आलेले, वहीत काही लिहीत म्हणाले, "दुसरं पद वरच्या पट्टीत आहे, निवेदिताताई. झेपेल?"

'कोशिश' ओठांवर आलीच होती. तिनं ती अडवली — पुण्याच्या माणसापुढे हिंदी नको — आणि चांगला, शुद्ध शब्द शोधला.

"हो. मी पूर्ण चेष्टा करीन."

पेन थांबलं. "कुणाची?"

हॉल हसला. तिला क्षणभर कळेचना, मग कान तापले. प्रयत्न. प्रयत्न म्हणायचं होतं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि मराठीत थट्टा, हे काय तिला माहीत नव्हतं? चार पिढ्या ग्वाल्हेरात काढून आपल्या घरात मराठी कशी जपली ते आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची... मंदाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. कालच त्यांनी फोनवर सांगितलं होतं, वेळेवर यायची कोशिश कर हं. तेव्हा कोणी हसलं नव्हतं. तीही नाही.

"छान आहे हे," गुरुप्रसाद अगदी मनापासून म्हणाले. "आपल्या नाटकातली दासी अशीच बोलायला हवी. परत म्हणा बरं, तसंच."

"पण दुसरं पद..."

"ते राहू द्या. हे म्हणा."

नाही म्हणावं. मी गायला आले आहे, म्हणावं. गायला, की गाण्यासाठी? दोन्ही बरोबर असणार, पण आता एकाही शब्दाचा भरवसा वाटेना, आणि तोवर सगळे तिच्याकडे बघत राहिले होते. तिनं म्हटलं. सगळे हसले.

"आता जरा ठसक्यात."

तिनं कमरेवर हात ठेवला — का ठेवला? कुणी सांगितलं होतं? — आणि 'चेष्टा'च्या आधी किंचित थांबली. हॉल हसून लोटपोट झाला. पदाला एवढी दाद मिळाली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं, आणि फार वाईट वाटलं. पण हसू ओसरायला लागलं तशी ती घाईघाईनं दुसरं वाक्य शोधू लागली, चुकीचं, याहूनही चुकीचं.