बोर्डाची पाठ

बास्केटबॉलच्या सामन्यांत पंचबाई आणि अण्णा ही एकोणीस वर्षांची जोडी. बाई मैदानाच्या मध्यावर, अण्णा बास्केटच्या बोर्डाखाली. नवख्या पंचांकडून अण्णा एकच गोष्ट घोकून घ्यायचे: चेंडू बोर्डाच्या दर्शनी बाजूला लागो की कडांना, खेळ चालू, पाठीला लागला की बाहेर.

अण्णा गेल्या महिन्यात गेले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण पंचाला सगळे मास्तर म्हणत. त्या दुपारी दोघांचा पहिलाच सामना होता.

शेवटचं मिनिट. निळ्या संघाची एक मुलगी बाहेर जाणाऱ्या चेंडूवर झेपावली आणि अधांतरीच तिनं तो बोर्डामागून आत भिरकावला. चेंडू बोर्डाला घासून तिच्या मैत्रिणीच्या हाती पडला. मास्तरांना वाटलं, कडेला लागला. त्यांनी खेळ चालू ठेवला. मैत्रिणीनं नेम धरला, तोच शिट्टी वाजली. आखूड, दोनदा. अण्णा वाजवायचे तशी.

सगळे थबकले. मास्तरांची शिट्टी गळ्यात लोंबत होती, बाईंची मुठीत होती. आवाज आला होता बोर्डामागून, आणि तिथे भिंतीशिवाय काही नव्हतं.

गुणलेखकानं विचारलं, शिट्टी कोणाची? मास्तरांनी आपली नाही म्हणून मान हलवली. बाई बोर्डामागे गेल्या आणि त्यांनी मान वर केली. पाठीवर धुळीचा थर होता. त्यात, कडेपासून चांगला चार बोटं आत, चेंडूचा ताजा ठसा.

"माझी," बाई म्हणाल्या. "पाठीला लागला. चेंडू लाल संघाचा."

निळ्यांचा प्रशिक्षक तावातावानं आला. बाईंनी त्याला वर बघायला सांगितलं. त्यानं पाहिलं आणि तो परत गेला. निळा संघ एका गुणानं हरला.

नंतर मास्तरांनी हळूच विचारलं, "ताई, तुमची शिट्टी तर ओठांना लागलीच नव्हती."

"नव्हती. पण निर्णय बरोबर होता."

पुढच्या सामन्याला मास्तरांनी मध्याची जागा मागून घेतली. बाई बोर्डाखाली उभ्या राहिल्या. खेळ इकडे आला की त्यांच्या मागे कोणीतरी धापा टाकत असल्याचा आवाज येई. बाईंनी एकदाही वळून पाहिलं नाही. फक्त अर्धं पाऊल बाजूला सरकून त्यांनी जागा करून दिली.