चौथं टोपण

पितळी परातीतलं रॉकेल केवळाबाईंनी अंगणाच्या कडेला फेकलं आणि तळाशी बसलेले स्क्रू फरशीवर खणखण उपडे केले.

"कणकीच्या परातीत रॉकेल! ह्याला घर दिसत न्हाई, बायको दिसत न्हाई. दिवाळीपासून ही गाडी अन् हा. दुकान गड्यावर टाकलंय. अरे, बाप तरी चालत्या गाडीपायी येडा होता, तू उभ्या गाडीपायी झालास!"

शिवशंकर गाडीच्या आत, स्टिअरिंगखाली पाठीवर पडला होता. तिथूनच हसला.

"माय, ते स्क्रू आता कुठं मिळत न्हाईत."

"अन् परात मिळती व्हय? माज्या माहेरची हाय."

सून राजेश्री फरशीवरचे स्क्रू गोळा करायला बसली. ह्या घरात सासूचं बोलणं संपेपर्यंत हात चालवत राहायचे असतात, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

काळी कॉन्टेसा गाडी शिवशंकरच्या वडिलांची, दत्तरावांची. ते गेले तेव्हापासून बोरीच्या ह्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. शिवशंकरने ती ढकलत अंगणात आणली आणि मोबाईलवर बघून बघून खोलली. डॅशबोर्डच्या उन्हाने पडलेल्या भेगा भरल्या, मीटरच्या काचा उजळल्या, गणपतीच्या मूर्तीखालचा चिकट डाग नखाने खरवडून काढला. चाकांच्या रिमा घासून रंगवल्या. काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्या मात्र केवळाबाईंनी आपल्याकडे ओढून घेतल्या. कोळलेली चिंच, वस्त्रगाळ राख आणि जुन्या धोतराचा फडका.

"माय, राखेनं चरे पडतेत."

"समई जलमभर राखेनंच घासायलेय मी. जा, तिला इचार, चरे पडले का."

नवऱ्याच्या आठवणीपायी म्हातारी घासते, असं शेजारपाजारचे म्हणत. केवळाबाई म्हणू देत. खरी गोष्ट वेगळी होती. गाडी झाली की तुला पुढच्या सीटवर बसवून सोनपेठला मामाकडे नेतो, असं लेक म्हणाला होता. दत्तरावांच्या राज्यात त्या पुढे कधी बसल्याच नाहीत. पुढे सासरे आबासाहेब, नाहीतर कुणी पुढारी. बायको मागे, पायाशी सरकीच्या पेंडीचं पोतं. आणि पुढे कुणीच नसलं की गाडी बोरीत नसायची. ती देवगाव फाट्यावर शीलाच्या दारात उभी असायची. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ह्या घरात ते नाव कुणी घेत नसे.

दत्तरावांच्या दहाव्याला, मुंडण केलेल्या लेकाला बाजूला घेऊन केवळाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "त्या घरचं पाणी प्यायचं न्हाई." कॉलेजातल्या शिवशंकरने मान हलवली होती. पुन्हा तो विषय निघाला नाही.

"माय, आता वरडू नको," शिवशंकर गाडीतून बाहेर आला. मोटारसायकलला अडकवलेली पिशवी त्याने काढली. "ही बघ. चौथी."

चाकांवरच्या व्हीलकॅपा तीनच उरल्या होत्या. केवळाबाई त्यांना टोपण म्हणत. चौथं ओढ्यातल्या खड्ड्यात उडून गेलं, असं दत्तराव सांगायचे. त्या एकासाठी गाडी अडली होती.

"कुठं घावलं?"

"परभणीत. भंगारात."

परातीचा राग त्या विसरल्या. टोपण हातात घेऊन त्यांनी उलटंसुलटं केलं.

"लय काळं पडलंय. आण इकडं. राजेश्री, चिंच कोळ गं."

मोरीपाशी बसून, चिंच येईपर्यंत त्या नुसत्या राखेनंच घासू लागल्या. वरची काजळी सुटली, खालून धातू चमकला. कडेच्या भोकात तारेचा एक वेढा अडकला होता, त्यावर करपलेली चिंधी. उचलताना हात भाजू नये म्हणून बांधतात तशी. त्यांनी ती ओढून काढली. मग टोपण उलटं केलं. आतल्या खाचांत पिवळसर पापुद्रे धरले होते. त्यांनी नखाने एक सोलला, बोटांत चुरला, नाकाशी नेला.

हात थांबला.

"शिवशंकर."

"काय गं?"

"त्या भंगारवाल्याच्या घरी म्हैस हाय का?"

शिवशंकर डॅशबोर्डची पट्टी बसवत होता. "मला काय म्हाईत."

"भंगारातली वस्तू धूळ खाती रे. दूध न्हाई पीत."

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. राजेश्री चिंचेची वाटी घेऊन दारातच उभी राहिली.

"मी मागितली न्हाई माय," तो म्हणाला. "फाट्यावर पंक्चर काढायला थांबलो व्हतो. तिनंच वळखलं. घरात नेलं. चुलीवर दूध व्हतं, त्याच्यावर हेच झाकलेलं, ते काढून हातात दिलं. गाडीला लागंल म्हणली. लय थकलीय ती आता. तुला इचारलंय."

"पाणी पिलास?"

तो तेलकट हात फडक्याला पुसू लागला.

"पाणी पिलास का तिथं?"

"चहा."

केवळाबाईंनी मान डोलावली. टोपणाकडे बघितलं. त्यात त्यांचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता. मग त्यांनी पुन्हा फडका उचलला आणि राहिलेल्या खाचा घासल्या. एकेक, कोपऱ्याकोपऱ्यातून, सणाचं भांडं घासावं तशा. चूळ भरायच्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. पदराने पुसलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि टोपण लेकाच्या हातात दिलं.

"बस की माय पुढं," तो घाईने म्हणाला. दार त्याने उघडूनच धरलं होतं. "बसून तर बघ. सीट नवी केलीय तुज्यासाठी."

"हे नेऊन दे तिला. तिचं दूध उघडं पडलं असंल."

"माय, तसं नगं ना..."

केवळाबाईंनी ओले हात झटकले. आवाज चढला नाही. चढला असता तर राजेश्रीला बरं वाटलं असतं.

"तुज्या बापानं लय केलं रे. समदं सोसलं मी. पर तिच्या घरचं भांडं माज्या हातनं घासून घ्यायचं त्याच्याच्यानं झालं न्हाई. तेवढं तू केलंस."